मंगळावर जाताना मूग न्या

लग्नाची पंगत असो, ट्रेन असो नाहीतर फॅमिली ग्रुप, खाण्याचा विषय निघाला की एक जण तरी असतोच जो म्हणतो, "अहो पुढे बघा, सकाळी एक गोळी घेतली की झालं, दिवसभर जेवायची भानगडच नाही." सगळे हो हो म्हणतात आणि आणखी एक पुरी वाढून घेतात. मला या गोळीचा मनापासून वैताग आहे, कारण कोणी साधं गणितच करत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला धरा २,००० ते २,५०० कॅलरी लागतात. सगळ्यात ठासून कॅलरी कशात, तर फॅटमध्ये, १ ग्रॅमला ९. म्हणजे गोळीत नुसतं साजूक तूप कोंबलं तरी २,५०० कॅलरीसाठी पावणेतीनशे ग्रॅमच्या वर तूप लागणार. मोठी गोळी १ ग्रॅमची धरली तर पावणेतीनशे गोळ्या! आणि एवढ्या गिळूनही प्रोटीन नाही, फायबर नाही, काही नाही. त्यापेक्षा दोन पोळ्या आणि भाजी खाणं सोपं नाही का हो?

हे सगळं डोक्यात शिरलं ते भाच्यामुळे. नववीत आहे, राहतो आमच्याच लोकमान्य नगरात, शाळेनंतर निम्मा वेळ माझ्या स्वयंपाकघरात. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला स्पेस स्टेशनकडे निघाले तेव्हापासून १५ जुलैला परत येईपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता, आणि एक दिवस डब्यातली शेव चिमटीने उचलत त्याने विचारलं, "आत्या, तिथे पोहे चालतात का गं?" आता बाकी कुठल्या गावात हा प्रश्न हसण्यावारी गेला असता, पण हे इंदूर आहे. इथे सकाळी पोहे-जलेबी पोटात गेल्याशिवाय दिवस सुरूच होत नाही, त्यामुळे मी सिरियसली वाचायला बसले.

तर ऐका, पोहे म्हणजे जवळपास रेडीमेड स्पेस फूड आहे. साळ भिजवून भाजून चपटी करतात तेव्हाच त्यातला स्टार्च शिजून निघालेला असतो, म्हणून नुसत्या पाण्यानेही पोहे मऊ होतात. स्पेस स्टेशनवर बऱ्याचशा जेवणाचं हेच चालतं, सुकवलेला पदार्थ पाकिटात, त्यात नळीने पाणी सोडायचं, गरम किंवा साधं, थोडं थांबायचं, कात्रीने पाकीट कापायचं आणि चमच्याने खायचं. ओलसर पदार्थ चमच्याला चिकटून राहतो, उडत नाही. शेंगदाणे चालतात, लिंबू चालेल. पण शेव नाही! शेवेचा चुरा हवेत तरंगणार, कोणाच्या डोळ्यात जाणार, नाकात जाणार, नाहीतर मशिनच्या जाळीत अडकून बसणार.

आणि ही भीती उगाच नाहीये. मार्च १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी-३ यानाच्या उड्डाणात जॉन यंग साहेबांनी गपचूप एक कॉर्न्ड बीफ सँडविच खिशात घालून नेलं होतं. वर गेल्यावर काढलं, सहकारी गस ग्रिसम यांना दिलं, एक-दोन घास खाल्ले आणि ब्रेडचा चुरा सुटायला लागला म्हणून परत खिशात. खाली आल्यावर हे प्रकरण अमेरिकन संसदेपर्यंत गेलं, सँडविचवरून बोलणी खावी लागली. त्या काळात तर खाण्याचे छोटे चौकोनी तुकडे करून वर जिलेटिनचा थर द्यायचे, चुरा होऊ नये म्हणून. पुढे १९८५ मध्ये रोडोल्फो नेरी वेला या मेक्सिकन अंतराळवीराने टॉर्टिया नेल्या, आणि नासाला साक्षात्कार झाला की अरे, ब्रेडपेक्षा हे बरं, चुराच होत नाही. तेव्हापासून तिथे ब्रेडच्या जागी टॉर्टिया. म्हणजे थोडक्यात पोळी. आपल्याला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

जिरावणाचीही, म्हणजे पोह्यांवर घालायच्या आमच्या मसाल्याचीही, तीच अडचण, पूड आहे ना ती, भुरभुरली की गेली सगळीकडे. पण याला तोड आहे. तिकडे मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात कालवून छोट्या बाटल्यांतून देतात, तर जिरावणही तेलात कालवून नेता येईल. भाच्याने ही आयडिया लगेच वहीत लिहून ठेवली, आता पेटंट घेतो का बघू.

तिखटाची गरज तिथे खरंच जास्त लागते बरं का. वजन नाहीसं झालं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, चेहरा सुजतो, नाक चोंदतं, आणि सर्दीत कसं सगळं जेवण मिळमिळीत लागतं तसं त्यांना पहिले काही दिवस लागतं. म्हणून हॉट सॉसला तिथे प्रचंड मागणी, आणि झणझणीत हॉर्सरॅडिशवालं कोळंबीचं कॉकटेल म्हणे अनेकांचं फेवरेट. आपल्याकडचं गोड मात्र टिकून आहे. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्टेशनवर गेले तेव्हा म्हैसूरच्या डीएफआरएलने, म्हणजे सैन्यासाठी खाणं बनवणाऱ्या सरकारी लॅबने, त्यांच्यासाठी शिरा, आलू-छोले आणि व्हेज पुलाव दिला होता. शुक्ला यांनी गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला आणि बाकीच्यांनाही चाखवला. हलव्याचं लॉजिक बघा ना, तूप-साखरेने सगळं धरून ठेवलंय, कणही सुटत नाही, साखरेमुळे टिकतो, आणि इवल्याशा पाकिटात भरपूर कॅलरी. त्यातल्या त्यात शहाणा पदार्थ.

इथपर्यंत मजा मजा आहे. कारण स्पेस स्टेशन जवळ आहे, ४०० किलोमीटरवर, इथून भोपाळला जाऊन परत यायचं तेवढंच अंतर, फक्त सरळ वर. कार्गोचं यान येतं, त्यात सफरचंदं-संत्रीसुद्धा येतात. खरी गंमत सुरू होते मंगळाच्या गोष्टीत. जायला सहा ते नऊ महिने, तिथे थांबायचं, मग परत, सगळं मिळून तीन वर्षं धरतात. नासाचा हिशोब आहे की एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाचं वजन पाकिटासकट साधारण ०.८३ किलो, त्यातलं ०.१२ किलो नुसतं पाकीट. चार माणसं, तीन वेळा, तीन वर्षं, करा गुणाकार. पाकिटांसकट जवळपास ११ टन! त्यातली दीड टनाच्या वर नुसती पाकिटं. इंदूरच्या माणसाला पहिला प्रश्न काय पडणार सांगा, ओला कचरा कुठे आणि सुका कुठे? स्टेशनवरचा कचरा रिकाम्या झालेल्या कार्गो यानात भरतात आणि ते यान वातावरणात शिरून जळून जातं. मंगळाच्या वाटेवर कचरागाडी कोण पाठवणार?

वजनाचं एकवेळ जमवतील. पाण्याचं तर जमवलंच आहे, घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून २०२३ मध्ये स्टेशनवर ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं. (आईला हे सांगितलं तेव्हा तिने कानावर हात ठेवले.) अडतं ते व्हिटॅमिनवर. पाकिटातलं अन्न पाच वर्षं टिकायला हवं असं त्यांचं टार्गेट आहे, आणि सडणार नाही एवढं करता येतं, उच्च तापमानाला शिजवून सील केलं की जंतूंचा प्रश्न मिटतो. पण आतलं व्हिटॅमिन सी आणि बी-१ कपाटात बसल्या बसल्या कमी होत जातं. पाकीट दिसतं तसंच, वास तसाच, पोट पण भरतं, फक्त आतून पोकळ होत चाललंय. आणि व्हिटॅमिन सी नसलं की काय होतं ते दर्यावर्दींनी शेकडो वर्षं भोगलं, हिरड्या सुजणं, दात हलणं, जुन्या जखमा उघडणं, स्कर्व्ही. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ मध्ये काही खलाशांना संत्री-लिंबं देऊन बाकीच्यांना दुसरं काहीबाही देऊन पाहिलं, लिंबंवाले बरे झाले. मंगळावर लिंबाचं झाड नाही.

इथे मला आपले मूग आठवले. कोरड्या मुगात व्हिटॅमिन सी जवळपास नसतंच. पण भिजवून मोड आणले की दाणा ते स्वतःच तयार करायला लागतो, बाहेरून काही न घालता, दोन दिवसांत! पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदी सैनिकांना मोठ्या प्रमाणात स्कर्व्ही झाला, ताजी भाजी नाही, फळं नाहीत, नुसती डाळ आणि पीठ. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघींनी प्रयोग करून दाखवलं की कोरडं कडधान्य स्कर्व्हीपुढे निरुपयोगी, पण तेच मोड आलेलं असेल तर काम करतं. मला हे वाचून इतकं भारी वाटलं, की लंडनच्या लॅबमध्ये गिनीपिग घेऊन जे सिद्ध केलं त्याचं सामान आपल्या प्रत्येक घरात डब्यात पडलेलं असतं आणि आपण ते मिसळीत घालून विसरून जातो.

आता शुक्ला यांच्या यादीत एक प्रयोग होता, मूग आणि मेथीला तिथे मोड आणायचे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा. टीव्हीवर काही लोक हसत होते की एवढा खर्च करून मेथी उगवायला गेले का. हसणाऱ्यांनी एकदा स्वतः मोड आणून बघावेत. आमच्याकडे मे महिन्यात मूग रात्री भिजवून सकाळी निथळून फडक्यात बांधले की संध्याकाळी पांढरी टोकं दिसायला लागतात, आणि डिसेंबरात त्याच मुगांना दोन-दोन दिवस लागतात, गॅसशेजारी ठेवा, शालीत गुंडाळा, तरी ढिम्म. पाणी जरा जास्त राहिलं की तळाचे दाणे बुळबुळीत होऊन आंबूस वास मारतो, कमी पडलं की वरचे वाळून कडक. म्हणजे सगळा खेळ पाणी खाली निथळण्याचा आहे. आणि वर 'खाली' नावाची दिशाच नाही! पाणी दाण्याभोवती गोळा होऊन चिकटून बसतं, हवा आत जात नाही, मुळांना कळत नाही कुठे वळायचं. हे इतकं साधं दिसणारं काम तिथे खरोखर अवघड आहे.

आणि एक धोकासुद्धा आहे, तो सांगायलाच हवा. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच आवडते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि शोधत शोधत गाडी येऊन थांबली ती मोड आलेल्या मेथीवर. शिजवून खाल्लं तर जंतू मरतात पण व्हिटॅमिन सी पण बरंचसं जातं, म्हणजे उसळ सेफ पण कोशिंबीर पौष्टिक, आणि यानात डॉक्टर असलाच तर एकच. यावर तोडगा निघेल, स्वच्छ बिया, बंद पेटी वगैरे, पण मोड आणणं म्हणजे नुसतं फडकं बांधणं नाही एवढं खरं.

बाकी स्टेशनवर शेती छोट्या प्रमाणात सुरू आहेच. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथे उगवलेली लाल लेट्यूसची पानं स्कॉट केली आणि मंडळींनी तेल-व्हिनेगर लावून खाल्ली, २०२१ मध्ये मिरच्या आल्या. पोट भरण्याच्या दृष्टीने हे काहीच नाही, चिमूटभर. पण महिनोन् महिने पाकिटं फोडणाऱ्या माणसाला काहीतरी कुरकुरीत, हिरवं, स्वतः लावलेलं मिळतं ना. आणि हेच कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण अंतराळवीर जेवण असूनही कमी खातात. रोज तेच तेच खाऊन कंटाळतात, वजन उतरतं, आणि आधीच वजनरहित अवस्थेत हाडातलं कॅल्शियम महिन्याला एक-दीड टक्का झिजत असतं. डाएटिशियनने कागदावर कितीही परफेक्ट आखलं तरी ते पाकिटात राहिलं तर उपयोग काय.

म्हणूनच त्या नवनव्या पावडरींबद्दल वाचताना मी जरा हात आखडून असते. फिनलंडची सोलर फूड्स नावाची कंपनी आहे, ती हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि विजेने पाणी फोडून काढलेला हायड्रोजन बॅक्टेरियाला खायला घालते आणि त्या बॅक्टेरियाचीच प्रोटीन पावडर करते, सोलिन नाव, दिसायला बेसन. शेत नको, ऊन नको. नासाच्या डीप स्पेस फूड चॅलेंजमध्ये २०२४ मध्ये ते बाहेरच्या देशांतले विजेते ठरले, आणि कल्पना खरंच जबरदस्त आहे. लॅबमधलं मांस पण आहे, २०१३ मध्ये मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये पहिला बर्गर तळून दाखवला, २०२० मध्ये सिंगापूरने अशा चिकनला विक्रीची परवानगी दिली. आमच्या घरात कोणी खात नाही त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

पण मला पृथ्वीवरची काळजी जास्त आहे. वर स्टेशनवर काय प्रॉब्लेम, तर लोह जास्त होतं! सुरुवातीला शरीरातल्या लाल पेशी कमी होतात, त्यांच्यातलं लोह साठत जातं, वर पॅकेटच्या जेवणात घातलेलं लोह. आणि खाली आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमिक. त्यात भर म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू-तांदूळ वाढतात छान, पण दाण्यातलं प्रोटीन, झिंक आणि लोह कमी होतं, हे मोकळ्या शेतात जास्तीचा वायू सोडून केलेल्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे उद्याचं लोकवन आजच्यासारखंच दिसेल, पोळी तशीच फुगेल, आणि आत मात्र थोडं कमी असेल. मंगळाच्या पाकिटासारखंच झालं की हे.

आणि आपण बसलोय कुठे, तर सोयाबीनच्या ढिगावर. माळव्यात पावसाळ्यात कुठल्याही रस्त्याला गाडी काढा, दोन्हीकडे सोयाबीन. दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्था आपल्याच खंडवा रोडवर, १९८७ पासून. आणि आपण काय करतो, तेल काढतो, आणि प्रोटीनने भरलेली पेंड कोंबड्यांना आणि एक्स्पोर्टला. घरात येते ती फक्त सोया बडी, म्हणजे सोयाच्या वड्या, ती पण मुलं बाजूला काढून ठेवतात. कारण वास. तो कच्चट, शेंगेसारखा वास लिपॉक्सिजिनेज नावाच्या एन्झाइममुळे येतो, आणि शिवाय सोयाबीनमध्ये एक ट्रिप्सिन इनहिबिटर असतो जो प्रोटीन पचू देत नाही, म्हणून ते उकळल्याशिवाय खायचं नसतं. खंडवा रोडवाल्यांनी एनआरसी १२७ हे तो इनहिबिटर नसलेलं देशातलं पहिलं वाण काढलं, आणि पुढे एनआरसी १४२, ज्यात त्याबरोबर वासवाल्या एन्झाइमचा एक प्रकारही नाही. आता मला सांगा, फिनलंडची पावडर मोठी बातमी आणि ही आपल्या गावची नाही? २००२ मध्ये स्पेस स्टेशनवर सोयाबीन पेरून त्याच्या शेंगांत पुन्हा दाणे धरलेत, म्हणजे हे पीक वर पण चालतं हे माहीत आहे. खाली कोणी पोळीत घालायला तयार नाही.

नासात एक पद्धत आहे, कुठलाही नवा पदार्थ आधी लोकांना खायला घालून १ ते ९ मार्क द्यायला सांगतात आणि सरासरी ६ आली तरच तो यानात जातो. भाच्याला हे भयंकर आवडलं. मग आम्ही साधंच सोयाबीन वीसेक मिनिटं उकळून, सालं चोळून काढून, गच्चीवर कडक वाळवून, ९ वाट्या गव्हाला १ वाटी असं चक्कीवर दळून आणलं, चक्कीवाला म्हणाला दीदी जाळी चिकट होते, पुढच्या वेळी शेवटी दळीन. पोळ्या जरा पिवळसर झाल्या, मऊ राहिल्या. भाच्याने ७ दिले, नवऱ्याने न बघता ६, मी स्वतः ६. आईने वास घेतला, एक घास खाल्ला, आणि म्हणाली, "चार. आणि ते पण लोणच्याला." सरासरी पावणेसहा आली. भाचा आता खंडवा रोडवरून ते बिनवासाचं बियाणं मिळतं का त्याच्या मागे लागलाय.